पदाच्या डोक्यावर लिहिलेली चाल

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी सांगलीचा. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. वय ३६. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. एम.एस्सी.च्या यादीत नाव लागलं होतं, पण त्याच उन्हाळ्यात वडील आजारी पडले आणि मी दुकानात बसलो. फिजिक्स मात्र सुटलं नाही. रात्री जेवणं झाली की माडीवर जाऊन सापेक्षता, क्वांटम असलं वाचत बसतो, वह्यांत गणितं करतो. दुसरा नाद गाण्यांचा. जुनी भावगीतं गिटारवर आणि आईच्या पेटीवर बसवतो, मोबाइलवर रेकॉर्ड करतो. कधी कधी सातवीतली मुलगी सोबत गाते. अशी चाळीसेक कव्हर झाली असतील.

परवा एका बारशाला चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "गाणी दुसऱ्याची, सिद्धांत दुसऱ्याचे. सगळं उष्टंच की रे. तुझं स्वतःचं काय?" सगळे हसले. मीही हसलो. पण तेव्हापासून पेटी उघडलेली नाही.

खरं तर माझं स्वतःचं एक आहे. डार्क मॅटरची, म्हणजे न दिसणाऱ्या वस्तुमानाची, गरजच पडणार नाही अशी कल्पना मला सुचली आहे. तिची ४१ पानं झाली आहेत. ती कुणाला पाठवू? त्यातली दोन पानं आणि तीन गाणी सोबत जोडली आहेत. बायको म्हणते, दोन्हींतलं एक काहीतरी धरा, रविवार तरी घरात राहा. तुम्हीच सांगा, काय सोडू?

— दोन दगडांवर पाय, सांगली

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, तिन्ही गाणी ऐकली आणि ती दोन पानं पेन्सिल घेऊन तपासली. पानांबद्दल पुढे स्पष्ट लिहिणार आहे. आधी तो 'उष्टं' शब्द घेऊ, कारण पेटी त्याच्यामुळे बंद पडली आहे.

हरिपूर तुम्हाला सायकलच्या अंतरावर आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव गोविंद बल्लाळ देवलांचं. त्यांचं 'शारदा' १८९९ सालचं. जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक कुठे मिळालं तर अवश्य उघडून बघा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'चाल' असं लिहिलेलं असतं आणि पुढे आधीच्या कुठल्यातरी गाण्याचे पहिले दोन-चार शब्द. म्हणजे हे पद त्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं, असं नाटककार स्वतःच उघड सांगतो. ती चाल कधी कीर्तनातली असे, कधी लावणीची, कधी कानडी मुलखातून आलेली, कधी एखाद्या ठुमरीची. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं, तेव्हापासून संगीत नाटक हे असंच उभं राहिलं. नाटककार खाडिलकर तर सांगलीतच जन्मले. त्यांच्या १९११ च्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, आणि त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी आधीच्या बंदिशी आणि ठुमऱ्या आहेत. आपल्या पणज्या-पणजोबांनी ज्या पदांसाठी रात्री जागवल्या, वन्समोअर घेतले, ती पदं तुमच्या भावाच्या हिशेबाने सगळी उष्टी ठरतील. तसं कुणी म्हटलं नाही. मूळ कुठलं ते डोक्यावर लिहिलेलं होतं, आणि खाली शब्द नवे, प्रसंग नवा, नटाचा गळा नवा. पद त्या नाटकाचं होऊन गेलं.

ही डोक्यावरची ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरा दगड. १९२४ साली सत्येंद्रनाथ बोस ढाक्याच्या विद्यापीठात शिकवत होते. तापलेल्या वस्तूतून कोणत्या रंगाचा प्रकाश किती बाहेर पडतो याचं सूत्र प्लांकने १९०० मध्येच दिलं होतं. ते प्रयोगांशी जुळत होतं आणि चोवीस वर्षं सगळे वापरतही होते. पण ते सिद्ध करून दाखवताना एक तुकडा जुन्या विद्युतचुंबकीय सिद्धांतातून उसना आणावा लागे. ज्या सिद्धांताला मोडून हे सूत्र आलं, त्याच्याच दारात पुन्हा उसनवारीला जायचं! बोस यांना ते खटकलं. प्रकाश म्हणजे कणांचा एक वायू आहे असं धरून त्यांनी नव्या तऱ्हेने मोजणी केली आणि उसना तुकडा न घेता तेच सूत्र पुन्हा काढलं. त्या मोजणीचा अर्थ आज आपण असा सांगतो की हे कण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत. ४ जून १९२४ ला त्यांनी तो चार पानांचा लेख आइनस्टाइनला पाठवला. आइनस्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापवून आणला. त्या मोजणीवरून पुढे कणांच्या एका अख्ख्या कुळाला 'बोसॉन' हे नाव मिळालं.

शेवटची ओळ प्लांकचीच होती. सम तीच, समेवर येण्याची वाट वेगळी. या कामाला उष्टं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. पण यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. तो उसना तुकडा बोस यांना दिसला कसा? ती सिद्धता त्यांनी वर्गात फळ्यावर पायरी पायरीने मांडलेली होती. दुसऱ्याचं काम इतकं पाठ झाल्याशिवाय त्यातली फट दिसत नाही.

खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांनी तर आयुष्याच्या शेवटी उघड उघड हेच केलं. १९८३ चं नोबेल मिळालेला हा माणूस, वयाची ऐंशी उलटल्यावर न्यूटनचा १६८७ चा ग्रंथ पुन्हा सोडवायला बसला. न्यूटनचं विधान तेवढं वाचायचं, त्याची सिद्धता बघायची नाही, आपली आपण करायची, आणि मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या. त्याचं पुस्तक १९९५ साली आलं, ते गेले त्याच वर्षी. तीनशे वर्षांपूर्वी सुटलेली गणितं त्यांनी पुन्हा कशासाठी सोडवली असतील, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. न्यूटनच्या हाताची चाल कळावी म्हणून, असं मला वाटतं. गाणारा माणूस हे कारण लगेच ओळखेल.

मी साताऱ्यात अठ्ठावीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. फळ्यावर सिद्धता पूर्ण झाली की मी डस्टर घेऊन फळा पुसायचे आणि म्हणायचे, आता तुम्ही करा. पहिल्या महिन्यात मुलं रागवायची. दिवाळीपर्यंत काहीजण माझ्या वाटेने न जाता भलत्याच वाटेने उत्तरापर्यंत यायला लागायची. त्या वह्या तपासताना मला जो आनंद व्हायचा तो इथे लिहून सांगता येणार नाही. तुम्ही माडीवर रात्री वह्या भरता ते हेच आहे. ते सोडू नका. एकच विचारते: पुस्तक मिटून करता, की उघडं ठेवून? उघडं ठेवून करत असाल तर आजपासून मिटा.

आता गाणी. तिन्हींबद्दल मनापासून लिहिते.

पहिलं गाणं तुम्ही मूळ पट्टीत गायला आहात. मूळ गायिका काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरून, गाते, आणि तुम्हीही काळी चार धरली. वरच्या षड्जावर तुमचा गळा आवळला आहे. दुसऱ्या गाण्यात तुम्ही मूळ गायिकेच्या हरकती जशाच्या तशा घेतल्या. इतकंच काय, दुसऱ्या अंतऱ्यात ती जिथे श्वास घेते तिथेच तुम्हीही घेतलात. मेहनत फार आहे आणि कान तयार आहे, हे त्यावरून कळतं. पण ही कित्ता गिरवण्याची पायरी झाली. ती आवश्यकच असते. माझ्या गुरुजींनी भूपातली एक बंदिश माझ्याकडून आठ महिने गाऊन घेतली. नवी मागितली की म्हणायचे, हीच जरा सावकाश म्हणून दाखव. त्या आठ महिन्यांचं पाथेय मला अजून पुरतं आहे.

तिसरं गाणं मात्र तुमचं आहे. मुलीच्या आवाजाने सुरुवात केलीत, मधले म्युझिकचे तुकडे काढून टाकलेत, लय उतरवलीत, आणि अंतरा संपल्यावर गिटार थांबवून एक क्षण नुसती शांतता ठेवलीत. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मूळ गाणं मी शेकडो वेळा ऐकलेलं आहे, पण त्या ओळीत इतका एकटेपणा आहे हे मला तुमच्यामुळे कळलं.

पहिल्या गाण्यात काय झालं ते आपल्या दोघांच्या भाषेत बघू. काळी चारचा षड्ज खालच्या बाजूला धरला तर साधारण २०८ हर्ट्झ. तुमच्या गळ्याला काळी एक बसेल, म्हणजे १३९ च्या आसपास. तिथे उतरलात की गाण्यातला प्रत्येक आकडा बदलतो. पण पंचम षड्जाच्या दीडपट होता, तो दीडपटच राहतो. कानाला गाणं कळतं ते या गुणोत्तरांमधून, म्हणून पट्टी बदलली तरी गाणं तेच. (१३९ ची दीडपट किती होते ते करून बघा. मूळ गायिकेचा षड्ज तोच तुमचा पंचम. मला हे फार सुंदर वाटतं.) विद्युत विभवाचं शून्य कुठेही धरलं तरी दोन बिंदूंमधला फरक बदलत नाही, हे तुम्ही बी.एस्सी.ला शिकला आहात. सा कुठेही धरता येतो, हे त्याच्याच जातीचं स्वातंत्र्य आहे. गणितज्ञ एमी नोएथरने १९१८ साली दाखवलं, की निसर्गाच्या नियमांना असं अखंड बदलत नेण्याचं स्वातंत्र्य, म्हणजे सममिती, असेल तर त्याच्या पाठीशी एक न बदलणारी राशी असते. नियम आज आणि उद्या तेच, म्हणून ऊर्जा टिकते. नियम सांगलीत आणि साताऱ्यात तेच, म्हणून संवेग टिकतो.

कव्हर करायला बसताना हाच प्रश्न पुढे ठेवा: या गाण्यात मी काय काय बदललं तरी ते हेच गाणं राहील, आणि काय हललं की ते जाईल? तिसऱ्या गाण्यात तुम्ही पट्टी, लय, ठेका, वाद्यं, सगळं बदललंत. मुखडा समेवर ज्या शब्दाने येतो तो मात्र हलवला नाहीत, आणि ओळीतला दीर्घ स्वर जिथे रेंगाळतो ती जागाही जपलीत. तुम्ही हे विचार करून केलं की आपोआप झालं, मला माहीत नाही. पण ज्याला ही निवड जमते त्याला समीकरणांमधली सममितीही हाताला लागते, असं मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे.

आता ती ४१ पानं.

कुणालाही पाठवू नका. हे वाचून वाईट वाटेल, तरी मला खरं तेच सांगायचं आहे. दुसऱ्या पानावरच्या मुख्य समीकरणात डाव्या बाजूला वेग आहे आणि उजव्या बाजूला वेगाचा वर्ग अधिक अंतर. ही बेरीज होत नाही. तुम्ही दुकानात पोती आणि रुपये एका रकान्यात मांडून खाली बेरीज मारत नाही. कुणी तसा कागद आणला तर पुढचं न वाचता परत कराल. ज्याच्याकडे तुमची पानं जातील तो याच ओळीवर थांबेल, आणि पुढे काही चांगलं असलं तरी ते वाचलं जाणार नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. डार्क मॅटर कुणाला हौस म्हणून सुचलेलं नाही. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतले फिरण्याचे वेग केंद्रापासून दूरपर्यंत मोजले. दिसणारं वस्तुमान मागे पडलं की वेग अंतराच्या वर्गमुळाच्या हिशेबाने उतरायला हवेत. ते उतरत नव्हते, म्हणून न दिसणारं वस्तुमान मानावं लागलं. पुढे एकामागून एक दीर्घिकेत तेच दिसलं. त्यावर वेगळी वाट काढणारेही झाले. भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रॉमने १९८३ मध्ये सुचवलं, की त्वरण फारच कमी झालं की गतीचा नियमच बदलत असावा. कुठे बदलतो त्याचा आकडाही त्याने दिला: मीटर प्रति सेकंद वर्गाच्या एक अब्जांशाचा साधारण आठवा हिस्सा. एकेका दीर्घिकेचे वेग त्यातून छान जुळतात, दीर्घिकांच्या मोठ्या समूहांशी मात्र ते अडतं. हे सगळं आकड्यांनी ठरलं आहे. तुमच्या दोन पानांत एकही आकडा नाही. तुमच्या कल्पनेने देवयानीच्या टोकाला वेग किती येतो? याचं उत्तर सेकंदाला किलोमीटरमध्ये देता आलं, तर त्या दिवशी ती कल्पना कल्पनेच्या पुढे गेली म्हणायचं.

सर्वांच्या विरुद्ध जायचंच नाही, असं मी म्हणत नाही. जयंत नारळीकर आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मले, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यांनी उभी केली, आणि २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. महास्फोटाचा सिद्धांत त्यांनी शेवटपर्यंत मान्य केला नाही. जगभरातले बहुतेक शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला होते. पण त्यांचा प्रत्येक आक्षेप गणितासह छापलेला आहे. दुसऱ्याने ताळा करून बघावा आणि चूक असेल तर दाखवावी, अशा रीतीने मांडलेला. तसं मांडायची ताकद यायला आधी जुनं सगळं हातून जावं लागतं. तुम्ही गाण्यात जे चाळीस वेळा केलंत ते फिजिक्समध्ये अजून पुरेसं केलेलं नाही. कव्हर कमी पडली आहेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून पहिलं कव्हर मी सुचवते. तुमच्याकडे एक्सेल आहे आणि हात रोज त्यावर फिरतो. त्यात पृथ्वीची कक्षा काढा. अंतर सूर्य-पृथ्वी अंतरात आणि वेळ वर्षांत धरली की सूर्याच्या गुरुत्वाचा आकडा ४ गुणिले पायचा वर्ग, म्हणजे ३९.४८ होतो. सुरुवातीला पृथ्वी क्ष अक्षावर १ अंतरावर, वेग य दिशेला ६.२८. वर्षाचे हजार तुकडे करा, म्हणजे हजार ओळी. प्रत्येक ओळीत त्वरण काढा, जुन्या वेगाने जागा पुढे सरकवा, त्वरणाने वेग बदला, आणि आलेख काढा. कक्षा मिटणार नाही. पृथ्वी हळूहळू बाहेर बाहेर जात राहील. घाबरू नका आणि लगेच कुठे शोधूही नका, दोन रात्री त्याच्याशी झटा. मग क्रम बदला: आधी वेग बदला आणि त्या नव्या वेगाने जागा सरकवा. सूत्रं तीच, एका पायरीची जागा तेवढी बदललेली, आणि वर्तुळ मिटतं. ते का मिटतं याचा पाठपुरावा केलात तर तुम्ही थेट हॅमिल्टनच्या यांत्रिकीच्या दारात जाऊन पोचाल. त्यानंतर सूर्याच्या जागी दीर्घिकेची चकती ठेवा आणि रुबिनबाईंना काय खटकलं ते स्वतःच्या आलेखात बघा.

सोबतीला आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन सरांची व्याख्यानं लावा. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर ती फुकट आहेत. अभिजात यांत्रिकी आधी, क्वांटम नंतर. हा क्रम मोडू नका. इतक्या शांतपणे खडूने लिहीत शिकवणारा माणूस घरात बसून ऐकायला मिळतो, आमच्या वेळी हे नव्हतं. इंग्रजी जड गेलं तर थांबवून थांबवून बघा. समीकरणांची लिपी तुम्हाला येतेच.

ती ४१ पानं फाडू नका. वर तारीख घाला आणि कपाटात ठेवा. दीड-दोन वर्षांनी काढून वाचा. तेव्हा तीच पानं तुम्ही माझ्यापेक्षा बारकाईने तपासाल.

गाणी लोकांपुढे ठेवण्याबद्दल थोडं. प्रत्येक रेकॉर्डिंगखाली तीन नावं लिहा: गीतकार, संगीतकार, मूळ गायक. नाटकाच्या पदावरची 'चाल' ती हीच. मूळ रेकॉर्डमधून काढलेला ट्रॅक वापरू नका, कारण शब्द आणि चाल यांच्यावरचा हक्क वेगळा आणि त्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क वेगळा. तुम्ही पेटी-गिटार स्वतः वाजवता, ते बरंच आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कव्हरसाठी वेगळं कलम आहे. पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं जावी लागतात आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी धरली जाते, म्हणजे ते कंपन्यांसाठी आहे, माडीवरच्या माणसासाठी नाही. ऑनलाइन टाकलेल्या गाण्यावर कंपनीने हक्क सांगितला आणि जाहिरातीचे पैसे तिकडे गेले तर जाऊ द्या. संतांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत, पण त्याला अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल त्याची आहे, हेही ध्यानात असू द्या. पुढे कधी पैसे कमवायचा विचार आला तर मात्र आधी वकिलाला विचारा.

तुमच्या पत्नींचं वाक्य मी पुन्हा वाचलं. 'एक काहीतरी धरा' यापेक्षा 'रविवार तरी घरात राहा' हे त्यांचं खरं मागणं आहे, असं मला दिसतं. ते रास्त आहे. रविवार देऊन टाका, पूर्ण. फेब्रुवारी ते मे हळदीचे सौदे चालू असताना तुम्ही रात्री दमून येत असणार. त्या डोक्याने सिद्धता होत नाहीत, चुका होतात आणि चिडचिड घरावर निघते. त्या चार महिन्यांत वह्या बंद, आठवड्यातून दोन रात्री पेटी. पावसाळा लागला की वह्या. एका रात्री दोन्ही करू नका, मात्र वर्षात दोन्ही होऊ द्या. काही सोडायचं नाही.

आणि बारशातल्या वाक्याला उत्तर द्यायला जाऊ नका. पुढच्या कुठल्या कार्यात भाऊ भेटला आणि मुलीला गावंसं वाटलं, तर तिसरं गाणं गा. सुरुवातीला मूळ संगीतकाराचं नाव घ्या आणि गा.

एक काम मात्र याच महिन्यात करा. एखाद्या शनिवारी मुलीला घेऊन मिरजेला जा, सतारमेकरांकडे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यं बनवायला घेतली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात गर्दी नसेल अशी वेळ बघा, कारागिरांची परवानगी घ्या, आणि मोबाइलवर आवाजाचा वर्णपट दाखवणारं एखादं अॅप घालून घ्या. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम उपस्वर (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट, सहापट कंपनांचे) उमटायला नकोत, कारण त्यांचा निस्पंद बिंदू, म्हणजे तार न हलण्याची जागा, तिथेच येतो. तारांखालच्या घोडीवरचा जवारीचा दोरा (तार आणि घोडी यांच्यात घातलेला) काढायला सांगून आधी तसं छेडून बघा. मग दोरा बसवून पुन्हा छेडा. जे उपस्वर असायला नकोत ते पडद्यावर उभे राहिलेले दिसतील. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की तानपुरा हा नियम पाळत नाही आणि त्याचं कारण त्या रुंद घोडीत आणि दोऱ्यात आहे.

मग अॅप बंद करा आणि दोघांनी डोळे मिटून खर्जाची तार ऐका. थोड्या वेळाने तिच्यातून गंधार वर येतो, कुणी न छेडता. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो षड्जाच्या सव्वापटीला असतो. तुमच्या आईच्या पेटीचा गंधार १.२६ पटीला आहे, म्हणजे किंचित चढा. घरी आल्यावर मुलीला दोन्ही ऐकवा आणि फरक कळतो का विचारा. सातवीतल्या कानाला कळतो. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांचं, गणित मांडलं, तेव्हा स्वर मोजण्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेब गायले होते. ते खाँसाहेब मिरजेत राहिले, आणि त्यांची कबर तिथल्या दर्ग्याच्या आवारात आहे. दुकानातून परतताना तिथे जाऊन या.

पेटी आज रात्री उघडा. पहिलं गाणं काळी एकमध्ये गाऊन मला पाठवा, आणि कक्षा मिटली की तो आलेखही.